टेकण्याआधी

डंडीतल्या प्रयोगशाळेचं तळघर.
सुईच्या टोकाशी एक थेंब लोंबतोय.
मोरॅग म्हणते, श्वास धर.
मी धरते.

सेकंदाला चाळीस हजार चित्रं.
मग पडद्यावर, सावकाश,
काच अजून कोरडी असतानाच
थेंबाचा तळ आत दबलेला दिसतो,
खळी पडल्यासारखा.
मधे नुसती हवा, केसाच्या शंभराव्या भागाइतकी.
निसटायला तिलाही वेळ मिळत नाही,
म्हणून तीच रेटते.

म्हणजे टेकण्याआधीच वाकावं लागतं.

मोरॅग वहीत आकडा लिहिते.
नवऱ्याच्या आजारपणापासून तिचा हात कापतो,
सातचा एक होतो.
नंतर मी पेन्सिलीनं नीट करते.
तिला ते ठाऊक आहे.

पाच वाजता बाहेर टे नदीवरचं वारं.
बसथांब्याच्या काचेवर थेंब,
खालून फुगलेले, वरून ताणलेले,
कड काही सोडत नाहीत.
एक दुसऱ्याला लागतो
आणि दोघेही सरसर खाली.

मोरॅग माझ्याकडे वळते.
तिचा चेहरा बदलतो,
शब्द यायच्या आधी.

बस येते.
उद्या सुई बदलू या, एवढंच म्हणते ती.