म्हाताऱ्या पावसात हलशी

खानापूरची बस नंदगडात निम्मी रिकामी झाली.
हलशीत उतरलो ते मी आणि एक पत्र्याची ट्रंक.
ट्रंकेला न्यायला कोणीतरी आलं होतं.

पुष्य लागून सहा दिवस झालेले.
तरणा पाऊस नाचून गेला, आता हा म्हातारा:
घाई नाही, ओरडणं नाही,
एकच गोष्ट परत परत सांगत बसलेला,
आणि ऐकल्याशिवाय सुटका नाही.

शेतांत लावणीच्या बायका, पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी,
निळ्या, निळ्या, एक पिवळी.
देऊळ कुठं विचारलं, तर पिवळीनं
चिखलाचा हात नुसता वर केला.
शिखर समोरच होतं. विचारायची गरज नव्हती.

सातवीच्या सहलीत आले होते इथं.
देऊळ आठवत नाही.
आठवतो इंदुमती अनगोळकरचा डबा,
तेलात पोहणारी लसणीची चटणी.

आवारात चौकीदार भरमाणी.
एका छत्रीत तो आणि पुरातत्त्वाचं रजिस्टर,
छत्री जास्त करून रजिस्टरावर.
"सही करा, गाव लिवा. आज तुम्ही दुसऱ्याच की."
पहिली सही कन्नडमधली. गोल, ओली,
शाई फुटून अक्षरांना मुळं आलेली.
मी वाचली.
म्हणजे वाचता येतं मला.
समजत असलं तरी समजत नाही असं दाखवायचं,
हे बाबांनी शिकवलेलं.
बाजारात, पोस्टात, रेशनच्या रांगेत
कोरा चेहरा.
त्यालाही रियाज लागतो.

आत दोन गाभारे, समोरासमोर.
एकात नारायण, समोरच्यात वराह,
मधे मंडप, मंडपात बादली.
छताच्या फटीतून थेंब: टप्प.
बऱ्याच वेळानं, टप्प.
खांब म्हशीच्या पाठीसारखे काळे, ओले.
देवांना बघायला दुसरं काही नाही,
शतकंच्या शतकं एकमेकांचं तोंड.
भांडले असतील कधी,
तरी मान फिरवायची सोय नाही.

ती खांबाला टेकून बसलेली. पहिली सही.
इरकलीचा पदर पिळून पुन्हा डोक्यावर घेत म्हणाली,
"याव ऊर री?"
माझा चेहरा आपोआप कोरा झाला.
तिनं पुन्हा विचारलं, हळू,
लहान मुलाला विचारावं तसं.
मी हसले.

मग तिची नजर माझ्या घोट्यावर गेली.
रक्ताची बारीक रेघ, आणि रेघेच्या वरच्या टोकाला
फुगलेली, निवांत जळू.
ओढायला गेले तर तिनं हातावर चापट मारली.
खरोखरची चापट!
कनवटीची पुडी सोडली,
"उप्पु" म्हणाली, आणि चिमूटभर टाकलं.
जळू आक्रसली, गळून दगडावर पडली.
"मीठ," मी म्हणाले.
का म्हणाले कोण जाणे.
"हूं, मीठच की," ती म्हणाली, लगेच, स्वच्छ,
आमच्या गल्लीतल्यासारखं.

म्हणजे तिलाही येत होतं.
म्हणजे तीही.

मग बराच वेळ थेंबच बोलला.
भरमाणी बादली ओतून आला,
परत ठेवली ती वीतभर चुकली.
आम्ही दोघी एकदम ओरडलो,
तिनं तिच्यात, मी माझ्यात,
आणि त्यानं दोन्ही ऐकून बादली सरकवली.

चारच्या बसला निघताना तिनं "बर्तीनि" म्हटलं.
येते.
आपणही जाताना येतेच म्हणतो.
"शहापूर," मी म्हणाले, इतक्या उशिरानं.
तिनं मान हलवली,
जणू प्रश्न आत्ताच विचारला होता.

रक्त काही लवकर थांबलं नाही.
नंदगड गेलं, खानापूर आलं, रुमाल बदलला.
दुखत मात्र नव्हतं.
जळू आधी बधिर करते म्हणे,
मग पिते.