बुडबुडा

बेतिनाच्या धक्क्यावर एप्रिलचा गार वारा.
येरे चाकापाशी, तेलाची बाटली उलटी धरून.
मागच्या खणात पोटावर पालथी व्हिंका, त्याची सून :
तेरा नंबरचा पाना, एक नळी, जॅमची रिकामी बरणी.

"डावीकडे!"
तो चाक फिरवतो. चाकामागच्या पंपातले इवले दट्टे
तेल ढकलतात नळीत;
नऊ मीटर, केबिनच्या फरशीखालून,
पाण्याच्या टाकीला वळसा घालून
ते सिलिंडरमध्ये शिरतं, दांडा सरकतो,
सुकाणूची पात वळते.
दुसऱ्या नळीतून तेवढंच तेल
मुकाट परत.

"थांबा!" बरणीत फसफस. हवा.
तेल दबत नाही. हवा दबते,
मग चाक हाताला मऊ लागतं, तिंबलेल्या कणकेसारखं,
आणि बोट आपल्याच तंद्रीत चालते.

येरेच्या वडिलांच्या होडीला नुसता लाकडी दांडा होता.
लाट आली की खांद्याला कळायचं.
इथे वाटेत झडप आहे :
हाताचं समुद्राला पोचतं,
समुद्राचं हाताला नाही.
"बरंच आहे," व्हिंका खालून म्हणते, "तुमचा खांदा बघा."
तो बघत नाही.

या चाकाला मध्य असा नसतोच.
मागच्या वर्षी सुकाणू सरळ ठेवून
त्यानं वरच्या आऱ्याला लाल दोरा बांधला होता;
सुकाणू सरळच आहे,
दोरा घसरत घसरत घड्याळातल्या चारवर आलाय.

"संपले का बुडबुडे?"
"एक राहिलाय. बारीक.
मला दिसतोय."
तो बाटली तशीच धरून उभा.