शिट्टी

तुर्भ्याच्या बंद खाणीत आम्ही एक शहर बांधलं,
प्लायवूडचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं.
बांधायला अठरा दिवस,
मोडायला एक दुपार.

राख माझ्याकडे होती. बत्तीस पोती.
रद्दीचा लगदा वाळवून दळलेला, त्यात भाताचा तूस,
कारण निव्वळ कागद हवेत रेंगाळतो,
त्याला मरणाची घाई नसते.

डोंगर नव्हताच.
तो महापेच्या एका गार खोलीत ओजस नावाचा मुलगा
चैत्रापर्यंत पेटवणार होता.
तोवर क्रेनला लटकवलेला एक हिरवा टेनिसचा चेंडू.
"त्याच्याकडे बघा आणि घाबरा," दिग्दर्शक म्हणाले.

माणसं बोनसरीची. क्रशर बंद झाल्यापासून बसून असलेली.
अंगावर पांढऱ्या चादरी, सातशे रुपये रोज,
मरणाऱ्याला शंभर जास्त.
यल्लव्वा धोत्रे मरणाऱ्यांत होती.
सकाळी तिने मागच्या काळ्या कड्यावर खडा ठोकून दाखवला,
"शिजलेला दगड आहे हा. भांड्यासारखा वाजतो, ऐक."

ॲक्शन.
भोंग्यातून स्फोट झाला, मी पोती सोडली,
आणि शंभर माणसं एकदम खाली बसली.
चेंडूकडे पाठ, हात कानांवर, तोंडं उघडी.

कट!
पळत का नाही तुम्ही?

"शिट्टी कुठं झाली?" यल्लव्वा म्हणाली.
"पळायचं ते शिट्टीला. बार उडाल्यावर पळतो
त्याच्या पाठीत दगड बसतो.
माझा दीर पळाला होता."

बाई, तेव्हा शिट्टी नव्हती.

ती केसांतली राख झटकत राहिली.
तिच्या गालावर अर्धवट दळलेल्या बातमीचा
एक 'ळ' चिकटला होता.
मग म्हणाली, "म्हणजे त्यांना कुणी सांगितलंच नाही?"

कुणी बोललं नाही. जनरेटर तेवढा चालू.

शेवटी किमयाने वॉचमनची शिट्टी मागून आणली,
ओढणीला पुसली, आणि तीनदा वाजवली.

कशी पळाली माणसं!
म्हाताऱ्यांनी पोरं बखोटीला मारली,
चादरी सुटल्या, एक खांब आडवा झाला,
चेंडूकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.
तोच शॉट सिनेमात आहे.
वाशीला मी दोनदा पाहिला. आवाजातून शिट्टी पुसलीय,
डोंगर छान पेटलाय,
माझी राख खरी वाटते.

यल्लव्वा मात्र त्यात दिसत नाही.
ती पहिल्याच शिट्टीला चौकटीबाहेर गेली,
जुन्या क्रशरच्या आडोशाला, नेहमीच्या जागी.
मेली नाही म्हणून
संध्याकाळी तिचे शंभर कापले.