अर्थिंग

उद्यमनगरातल्या तिसऱ्या गल्लीत
इंगवल्यांच्या धाकट्याची पांढरी व्हीटेक
दोरी बांधून ओढत आणली, तेव्हा
तिचा मेंदू मेलाय असं सगळ्यांचं ठरलेलं होतं.
पुण्याचा लॅपटॉपवाला दोनदा येऊन गेला,
दोनदा जेवून गेला,
आणि नव्या कंट्रोलरचा असा आकडा सांगून गेला
की धाकटा बराच वेळ नुसता टायरकडे बघत राहिला.

दस्तगीरमामा म्हणाले, "काढून टाकू समदं.
कार्बोरेटर बसवू. आडवे, दोन.
श्वास घ्यायला डोकं लागत न्हाई."

मग आम्ही उतरवत गेलो.
चार इंजेक्टर, त्यांची रेल,
टाकीतला तो जोरकस पंप.
कार्बोरेटरला एवढा जोर सोसत नाही,
तीन पौंडांवर दाब गेला की सुई उचलली जाते
आणि तो पेट्रोल ओकतो.

मॅनिफोल्डचा पॅटर्न शिवाप्पांनी सागवानात कोरला,
आकसणीपुरता मोठा धरून,
आणि शिरोलीच्या भट्टीत
मोडके पिस्टन वितळवून तो ओतला.
म्हणजे ह्या गाडीच्या घशात
कुठल्या कुठल्या ट्रॅक्टरांचे पिस्टन आहेत.
मला ते आवडतं. धाकट्याला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी, वायरिंग सोडवताना
बॅटरीच्या ट्रेखाली
मला ती सापडली.
अर्थची वायर. वीतभर.
आतून मोरचुदासारखी हिरवी,
चिमटीत धरली तर पीठ झालं.

मी पॉलिटेक्निक केलंय. मला कळलं.
मेंदू मेला नव्हता.
त्याच्या पायाखालची जमीन गेली होती, एवढंच.
सत्तर रुपयांचं काम.
फळीवर कंट्रोलर होता,
त्यावर अजून धूळही बसली नव्हती.

पलीकडे मामा रॉकेलमध्ये जेट धूत होते.
डाव्या कानानं त्यांना आता ऐकू येत नाही,
उजव्याचा विषय ते काढू देत नाहीत.
आणि दोन कार्बोरेटर एका दमात आणायचे तर
रबरी नळीचं एक टोक कानात, एक त्यांच्या तोंडाशी धरून
हवेची शीळ तोलावी लागते.
हे त्यांनी कुणाला शिकवलेलं नाही.
वीस वर्षांत कुणी विचारलेलंही नाही.

"काय गावलं गं?"
"काय न्हाई मामा. क्लिप हाय."

पुढचे अकरा दिवस
मी जेटांचे नंबर नखांनी ओळखायला शिकले.
प्लग काढायचा, उन्हात धरायचा.
"काळा आला तर जास्त प्यायलीय,
पांढरा आला तर उपाशी हाय.
नव्या गुळाचा रंग आला की थांबायचं.
गुळव्या काय थर्मामीटर घिऊन बसतो व्हय काहिलीवर?"

बाराव्या दिवशी इंजिन लागलं.
आधी खोकलं, मग शिंकलं,
मग पत्र्यावरची कबुतरं उडाली.
मामांनी नळी कानात घातली. इकडे. तिकडे.
परत इकडे.
मग काही न बोलता
ती पुसून माझ्याकडे दिली.

मी ऐकत होते आणि ते माझं तोंड बघत होते.
"मागचा जरा जास्त ओढतोय," मी म्हटलं.
"किती?"
"पाव आटा."
त्यांनी पाव आटा फिरवला.
स्वतः तपासलं नाही.

धाकटा खूश आहे. गगनबावड्याच्या घाटातून फोन करतो,
नुसता आवाज ऐकवायला.
थंडीत चोक ओढून तिची मनधरणी करावी लागते,
आणि लिटरला चार किलोमीटर कमी देते.
त्याचा हिशोब मी वहीत मांडून पाहिला होता,
मग पान फाडलं.

वायर माझ्या कंपासपेटीत आहे.
उघडली की बोटांना हिरवं लागतं.
मामांना सांगायचंय.
पण आता सांगायचं म्हणजे
ओरडून सांगावं लागेल,
आणि गल्ली अरुंद आहे.