खालचं पोर्ट

उद्यमनगरात आमच्या शेडात काय येत नाही?
डेअरीचे पंप, ट्रॉलीचे जॅक,
एकदा देवळाची घंटा आली होती, जीभ तुटलेली.
पण नावेचं इंजिन आलं की
शेजारच्या फौंड्रीतली पोरं चहाचे कप घेऊन बघायला येतात.
समुद्र कुठाय आपल्याकडं, म्हणतात.

हिंदुरावानं ते टेम्पोतनं आणलं, वाकळंत गुंडाळून.
आंबेवाडीची बोट.
'चालू हुतंय,' म्हणाला, 'पण लंगडतंय.'
दोन सिलिंडर, एक वर, एक खाली.
वरचा बोलत होता,
खालचा नुसता ऐकत होता.

प्लग काढले.
वरचा तेलकट काळा, असावा तसा.
खालच्याच्या टोकाला विटकरी पूड.
कॉम्प्रेशन : वर एकशेवीस,
खाली ऐंशीला काटा टेकला आणि दमला.

'गॅस्केट गेलंय,' यासीन म्हणाला.
पोरगं हुशार आहे,
पण हुशारीला घाईची सोयरीक लवकर येते.
हेड उतरवलं. पट्टी ठेवली, फिलर सरकवून बघितला.
कुठंच फट नाही.
पिस्टनच्या माथ्यावर जाड काजळी, जशीच्या तशी.
पाणी वरनं ठिबकत असतं
तर माथा घासलेल्या तव्यासारखा निघाला असता.
'मग?'
'मग पाणी सोप्यातनं आलं नाही.
परड्यातनं आलंय.'

एक्झॉस्टच्या झाकणाला अकरा बोल्ट.
नऊ सुटले, दोन तुटले.
टॉर्चनं लाल करून, मेण पाजून
त्या दोघांनी संध्याकाळ खाल्ली.

वरचं पोर्ट धुराड्यासारखं, ओल्या काजळीचं.
खालच्याच्या उंबऱ्यावर मात्र खपल्या,
काकवीच्या रंगाच्या, नखानं निघणाऱ्या.
आणि भिंतीवर एक आडवी रेघ.
हिंदुराव वाकून बघत होता.
'आमच्या घरात बी हाय असली,' म्हणाला,
'खिडकीच्या वर.'

मी विचारलं,
'भरल्या बोटीत इंजिन झटक्यात बंद करायचास?'
नाव थांबते,
तिनं मागं ढकललेलं पाणी थांबत नाही.
ते पाठोपाठ येतं,
धुराच्या वाटेनं आत शिरतं.

तो बराच वेळ बॅटरीशी खेळत राहिला.
मग म्हणाला,
'माणसं कौलावर असायची. अंधार गुडूप.
ह्येच्या आवाजात हाक ऐकू यीना.
मग बंद करायचो. कान द्यायचो.
परत दोरी वढायची.
आसं रातभर.'

'किती वेळा?'
'कुणी मोजलंय.'

मी तरीही बोललोच.
पाण्यानं एवढं खाल्लं नाही,
शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली
आठ महिने बसून खाल्लंय.
बोट काठाला लागल्यावर
पिंपात दहा मिनिटं चालवून, तेल पाजून ठेवलं असतंस तर.
तो म्हणाला, 'तवा घरात गुडघाभर चिखल हुता.'
यासीननं माझ्याकडं बघितलं. मी पाना शोधू लागलो,
जो हातातच होता.

चार दिवस लागले.
खपल्या खरवडल्या, चिकटलेल्या रिंगा बदलल्या,
होनिंगचा दगड फिरवला तेव्हा
सिलिंडरमधनं तांबडं पाणी आलं,
मग फिकट, मग नुसतं तेल.

पिंपात इंजिन सोडलं. दोघंही बोलले.
फौंड्रीच्या पोरांनी शिट्टी मारली.
हिंदुरावाचा अंगठा सवयीनं बंदच्या बटणावर गेला.
'थांब,' मी म्हटलं,
'आधी हळू कर. मागचं पाणी निवू दे. मग बंद.'

त्यानं हळू केलं.
पिंपातली लाट काठाला लागली, परतली,
अजून एकदा लागली.

'आनि तेवढ्यात,' तो म्हणाला,
'हाक बुडाली तर?'

मी वाकून झाकणाचा अकरावा बोल्ट
पुन्हा आवळला.
तो घट्टच होता.