भिंतीला तुंबड्या

कुठं दुखतं, विचारलं नुसरतबाजींनी,
तर मी म्हणाले, पोखर्णीच्या पुढं.
त्या हसल्या. मग मीही.
पण खरंच तिथूनच सुरू होतं ते,
दैठण्यापर्यंतचे खड्डे,
डाव्या खांद्यावर मशीनचा पट्टा,
उजवा हात वरच्या दांड्याला,
एकोणीस वर्षं.

पालथी झोपले.
भिंतीवर एक कॅलेंडर, एक पाल,
वर पंख्याची टकटक.
काचेचे पेले राहिले नाहीत आता, सांगत होत्या बाजी,
प्लास्टिकचे आलेत, पिस्तुलासारखा पंप.
त्यांचे नाना शिंगानं ओढायचे, तोंडानं,
बाजाराच्या दिवशी, लिंबाखाली.

पहिला पेला बसला
तसं कातडं वर आलं,
बोटानं साय उचलावी तसं.
तिसऱ्याला दम कोंडला.
पाचव्याला डोळ्यांत पाणी
अन् ते दुखलं म्हणून नव्हतं.

"रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी,"
घरी आल्यावर हे म्हणाले,
पेपरातून मान न काढता.
सरकारी दवाखान्यातला पोरगेला डॉक्टरही
तेच म्हणाला होता, जरा शुद्ध भाषेत.
पक्का पुरावा नाही, मावशी.
गोळ्या घ्या. वजन उचलू नका.
बरं, म्हणाले मी.
वजन म्हणजे नक्की कोणतं,
विचारायचं राहिलं.

रात्री लेकीनं फोटो काढून दाखवला.
सात गोल, जांभळे,
बिल्ल्याएवढे.
नोकरीला लागले तेव्हा चिमटा असायचा हातात,
कडक वाजायचा.
तिकिटाला भोक पडलं
की माणूस सीटवर नीट टेकून बसायचा.
एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांना टोचलं मी,
आज माझी पाठ कुणी टोचली.
कुठून कुठं, ते मात्र छापलेलं नाही.

आठ दिवसांत डाग पिवळे झाले, मग गेले.
खांदा? अर्धा.
अर्धं तिकीट म्हणा.
पेल्यांनी उतरलं,
का अर्धा तास कुणीतरी
पाठीवर हात ठेवून म्हणत होतं,
सांस छोड बेटी, सांस छोड,
त्यानं उतरलं,
मला सांगता येत नाही.
भिंत असते
तर सातव्या पेल्याला हुंदका आला नसता,
एवढंच.

येत्या मंगळवारी साप्ताहिक सुट्टी आहे.
परत जाणार आहे,
सुट्टे पैसे घेऊन.