पाचांपुरतं

विट्यात, स्टँडच्या मागल्या गल्लीत माझं नेट कॅफे :
चार टेबलं, तीन कॉम्प्युटर,
चौथ्यावर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचे कागद.
तिसरा मी स्वतः जोडलेला.
कॅबिनेट सांगलीच्या गणपती पेठेतलं,
मदरबोर्ड मिरजेच्या एका ओळखीच्याकडून,
आणि प्रोसेसर त्या दुसऱ्या कंपनीचा,
दोन हजारांनी स्वस्त, पळायला तितकाच.

रंगराव आप्पा लेंगऱ्याहून वडापनं आले
कारण मीच सांगितलं होतं,
आता दहा जण एका वेळी बोलू शकतात, फुकट.
आप्पांनी बंडीतून वहीचं पान काढलं :
त्रिचूर, सेलम, कोईमतूर, मदुरै,
कानपूर, रायपूर, पाटणा, कटक,
आणि सगळ्यात धाकटा सिलीगुडीला.
नऊ पोरं. पोटची दोन, बाकी पुतणे-भाचे,
प्रत्येकाच्या हातात मूस आणि चिमटा यांनीच दिलेला.
चाळीस वर्षं तेजाबाच्या धुरात
सोनं वेगळं काढता काढता
आता आप्पांची छातीच वेगळी वाजते.

प्रश्न एकच होता : आप्पांना कुणी न्यायचं.

हेडफोन पटक्यावरून बसेना.
पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला.
मी एकेक नाव ओढत गेलो,
चौथ्यानंतरचं नाव करडं पडलं.
खाली बारीक अक्षरात :
दहा जणांची सोय ठरावीक प्रोसेसरवरच.
तुमच्या यंत्रावर, तुम्हाला धरून, पाच.

वेग मोजला नाही.
मेमरी विचारली नाही.
दहा माणसं पेलतील का, एकदा करून बघितलं नाही.
आत बसलेल्याचं फक्त आडनाव विचारलं
आणि दार लोटून घेतलं.

मी आप्पांना जमेल तसं समजावलं.
"म्हंजे कस न लावताच भाव केला म्हन की."

मग चार-चार केले.
पहिल्या चौघांनी खोकल्याचं विचारलं, पावसाचं विचारलं,
आणि म्हणाले, वरच्या अंगाची पोरं नेतील,
तिकडं हवा कोरडी.
दुसऱ्या चौघांनी तेच विचारलं
आणि म्हणाले, खालची नेतील,
तिकडं दवाखाने चांगले.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
जो ओळीवर नव्हता
त्याच्यावर सगळ्यांचा फार विश्वास होता.

उरला सिलीगुडीचा.
त्याच्यामागं भट्टीचा पंखा घुरघुरत होता.
"मोठ्यांचं काय ठरलं, आप्पा?"
आप्पांनी माइक धरला, धरायची गरज नव्हती.
"ठरलं की रं. झ्याक ठरलं. तू तुझी मूस बघ."

तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस किंचाळायला लागलं, ते बंद केलं.

आप्पा उठले नाहीत.
"उघड बघू. कोन हाय त्यो आत?"
मी स्क्रू काढले, पंखा उतरवला, पेस्ट पुसली,
चिप त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी ती पालथी केली.
खालच्या शेकडो पिना, केसांएवढ्या,
खिडकीच्या उजेडाला तिरक्या धरल्या.
अंगठा लावला न लावला.
"मुलामाच हाय. पर सोन्याचा."
मग थांबून,
"त्या भारी कंपनीच्यात काय असतंय?"
"हेच."
"हां."

पंचेचाळीस रुपये झाले होते.
मी नको म्हणालो, त्यांनी मोजून कीबोर्डवर ठेवले,
पटका बांधला, वहीचं पान तिथंच राहिलं.

बाहेर वडापवाला ओरडत होता,
लेंगरे, लेंगरे, एक सीट, एकच सीट.
नऊ जणांच्या जीपमध्ये आधीच चौदा.
कुणी कुणाला कुठला म्हणून विचारलं नाही.
एका बाईनं पोर मांडीवर घेतलं,
एक जण दारात लोंबकळला,
आणि आप्पांपुरती
जागा झाली.